गुडघा, ध्वनिलहरी आणि कायदा : मुंबई उपनगरांच्या संदर्भात गुडघ्याच्या सोनोग्राफी तपासणीचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

'गुडघ्यातले वंगण संपले', 'गादी घासली' हे शब्दप्रयोग मराठी घरांत गुडघेदुखीविषयी बोलताना सर्रास ऐकू येतात. ते वैद्यकीय पुस्तकांतून आलेले नाहीत. सांध्याच्या आत काय चालले आहे हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे माणसाने यंत्राच्या उपमेने केलेली ही कल्पना आहे. वैद्यकशास्त्राचा इतिहास हा एका अर्थी अशा न दिसणाऱ्या गोष्टी पाहण्याच्या साधनांचा इतिहास आहे. नाडी, स्पर्श, क्ष-किरण आणि अलीकडे ध्वनिलहरी ही त्या प्रवासातील ठळक स्थानके होत. तथापि एखादे साधन उपलब्ध झाले म्हणजे ते सर्वांसाठी व सर्व कामांसाठी सारखेच उपलब्ध होते असे नाही. साधन कोठे ठेवले जाईल, कोणाच्या हाती राहील आणि शरीराच्या कोणत्या भागाकडे वळविले जाईल हे विज्ञानाइतकेच समाज व शासनव्यवस्था ठरवीत असते.

गुडघ्याचा ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजेच अस्थिसंधिवात, आणि त्याच्या परीक्षणासाठी वापरली जाणारी सोनोग्राफी हा विषय सकृद्दर्शनी वैद्यकशास्त्राचा आहे. महाराष्ट्रात मात्र सोनोग्राफी यंत्राचा इतिहास गर्भलिंगनिदानाच्या इतिहासाशी इतका गुंतलेला आहे की, अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील वृद्ध स्त्रीच्या गुडघ्याची तपासणी कोठे होऊ शकते, हा प्रश्नही त्या इतिहासाला वगळून सोडविता येत नाही. प्रस्तुत निबंधात या दोन इतिहासांचा परस्परसंबंध तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

१. गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताच्या परीक्षणपद्धतींचा ऐतिहासिक विकास पाहणे.
२. महाराष्ट्रात सोनोग्राफी यंत्रावर आलेल्या कायदेशीर नियंत्रणाची पार्श्वभूमी समजून घेणे.
३. या नियंत्रणाचा सांध्यांच्या सोनोग्राफीवर झालेला परिणाम मुंबई उपनगरांच्या संदर्भात तपासणे.

अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रकाशित वैद्यकीय साहित्य, कायदे व नियम, न्यायालयीन निर्णय आणि जनगणना यांचा आधार घेतला आहे. 'यंत्राच्या प्रसाराची दिशा त्याच्या क्षमतेपेक्षा समाजाच्या मागणीवरून व शासनाच्या प्रतिसादावरून ठरते' हे या अभ्यासाचे गृहीतक आहे.

स्पर्शापासून क्ष-किरणांपर्यंत

भारतीय परंपरेत सांध्यांच्या विकाराचे वर्णन प्राचीन आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात वातव्याधींच्या विवेचनात संधिगतवाताची लक्षणे येतात. सुजलेला सांधा हाताला वाऱ्याने भरलेल्या चामड्याच्या पिशवीसारखा लागतो आणि तो आखडताना व पसरताना वेदना होतात, असा त्या वर्णनाचा आशय आहे. हे निरीक्षण पूर्णतः स्पर्शावर व हालचालीवर आधारलेले आहे. आजचा डॉक्टरही गुडघा तपासताना वाटीच्या वरच्या बाजूस हात ठेवून पाणी साचले आहे का हे पाहतो. तेव्हा तो याच परंपरेतील एक कृती करीत असतो.

इ.स. १८९५ मध्ये रोंटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावल्यानंतर हाडांचे चित्र प्रथमच जिवंत शरीरात दिसू लागले. इ.स. १९५७ मध्ये केलग्रेन व लॉरेन्स या इंग्लंडमधील संशोधकांनी क्ष-किरण चित्रावरून अस्थिसंधिवाताची शून्य ते चार अशी श्रेणी ठरविली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ती स्वीकारली आणि आजही ती जगभर वापरात आहे. आपल्याकडे डॉक्टर फिल्म उजेडासमोर धरून 'गॅप कमी झाला आहे' असे सांगतात, त्यामागे हीच पद्धत आहे.

या पद्धतीची एक मर्यादा मात्र लक्षात घेतली पाहिजे. क्ष-किरण चित्रात कूर्चा दिसतच नाही. दिसतात ती दोन हाडे व त्यांच्यामधील मोकळी जागा. जागा कमी झाली म्हणून कूर्चा झिजली असावी, असे अनुमान काढले जाते. सांध्याच्या आतील पटलाचा दाह, साचलेला द्रव, बाहेर सरकलेला मेनिस्कस यांपैकी काहीही साध्या क्ष-किरण चित्रात नीट उमटत नाही. त्यामुळे चित्रात झीज फारशी नसताना रुग्णाला असह्य वेदना असणे, आणि चित्रात गुडघा पूर्ण झिजलेला दिसत असताना रुग्ण बऱ्यापैकी चालत असणे, असे दोन्ही प्रकार आढळतात. वेदना व चित्र यांतील ही दरी हेच पुढील साधनाचे प्रयोजन ठरले.

एकाच वर्षी जन्मलेल्या दोन वाटा

पिअर व जॅक क्यूरी या बंधूंनी इ.स. १८८० मध्ये काही स्फटिकांवर दाब दिल्यास विद्युतभार निर्माण होतो हे दाखवून दिले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी याच गुणधर्माचा उपयोग पाणबुड्या शोधण्यासाठी केला. माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या उच्च वारंवारतेच्या लहरी पाठवायच्या आणि त्यांचा प्रतिध्वनी टिपायचा, हे त्यामागील तत्त्व. ऑस्ट्रियातील डॉक्टर कार्ल डुसिक यांनी इ.स. १९४२ मध्ये मेंदूच्या तपासणीसाठी या लहरी वापरण्याचा प्रयत्न प्रसिद्ध केला.

इतिहासाच्या दृष्टीने इ.स. १९५८ हे वर्ष विशेष लक्षणीय आहे. या वर्षी ग्लासगो येथील प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड व त्यांचे सहकारी मॅकव्हिकर आणि ब्राउन यांनी पोटातील गाठींच्या तपासणीसंबंधीचा लेख 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. प्रसूतिशास्त्रातील सोनोग्राफीचा पाया त्या लेखाने घातला. त्याच वर्षी डुसिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी सांध्यांतील ऊतींमधून जाताना ध्वनिलहरी किती क्षीण होतात याची मोजमापे प्रसिद्ध केली. सांध्यांच्या सोनोग्राफीचा आरंभ या लेखापासून मानला जातो. म्हणजे गर्भाशयाकडे जाणारी वाट आणि सांध्याकडे जाणारी वाट या दोन्ही एकाच वर्षी निघाल्या. पहिल्या वाटेचा काही दशकांतच राजमार्ग झाला. दुसरी दीर्घकाळ पायवाटच राहिली.

दुसरी वाट थांबली मात्र नाही. इ.स. १९७२ मध्ये मॅकडोनाल्ड व लिओपोल्ड यांनी गुडघ्यामागील द्रवाची गाठ, म्हणजे बेकर सिस्ट, आणि पोटरीच्या रक्तवाहिनीतील गुठळी यांतील फरक सोनोग्राफीने ओळखता येतो हे दाखविले. इ.स. १९७८ मध्ये आमवाताच्या रुग्णांच्या गुडघ्यातील दाह या पद्धतीने पाहण्यात आला. इ.स. १९८४ मध्ये गुडघ्याच्या कूर्चेचे सोनोग्राफीने परीक्षण करण्यासंबंधीचे संशोधन प्रसिद्ध झाले. पुढे १९९० च्या दशकात पॉवर डॉपलर तंत्रामुळे दाह झालेल्या पटलातील सूक्ष्म रक्तप्रवाहही पडद्यावर दिसू लागला.

गुडघ्याच्या सोनोग्राफीत काय दिसते?

उदराच्या तपासणीसाठी साधारणतः ३ ते ५ मेगाहर्ट्झ वारंवारतेचा वक्राकार प्रोब वापरतात. कारण लहरींना खोलवर जावे लागते. गुडघा हा त्वचेलगतचा सांधा असल्यामुळे तेथे ७ ते १५ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सरळ प्रोब वापरला जातो. वारंवारता जितकी अधिक तितके चित्र सूक्ष्म, पण खोली कमी. रुग्णाला उताणे झोपवून गुडघा किंचित वाकविला की वाटीच्या वरच्या कप्प्यात साचलेला द्रव काळ्या पट्ट्याच्या रूपात दिसतो. गुडघा पूर्ण दुमडल्यास मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चेचा पुढचा भाग दिसतो. निरोगी कूर्चा एकसारख्या काळसर पट्ट्यासारखी, स्पष्ट कडांची असते. झिजलेली कूर्चा पातळ व अस्पष्ट कडांची दिसते. आतल्या बाजूस सांध्याच्या कडेला हाडाची काटेरी वाढ आणि बाहेर ढकललेला मेनिस्कस दिसतो. मागील बाजूस बेकर सिस्ट असल्यास तीही कळते.

इ.स. २००५ मध्ये संधिवातविषयक युरोपीय संघटनेने केलेल्या अभ्यासात गुडघ्याचा वेदनादायी अस्थिसंधिवात असलेल्या ६०० रुग्णांची सोनोग्राफी करण्यात आली. पटलाची जाडी किंवा द्रवाची खोली ४ मिलिमीटर वा त्याहून अधिक असल्यास ती दाहाची खूण मानण्यात आली. जवळजवळ निम्म्या रुग्णांत अशी खूण आढळली. त्यांपैकी बहुतेकांच्या सांध्यात द्रव वाढलेला होता. 'वंगण संपले' या लोकसमजुतीच्या नेमके उलट असे हे चित्र आहे. अस्थिसंधिवात म्हणजे केवळ यंत्राच्या भागासारखी झीज नव्हे, त्यात दाहाचाही वाटा असतो, ही धारणा अशा अभ्यासांनी दृढ झाली. ज्या रुग्णाच्या सांध्यात दाह आहे त्याचे उपचार आणि ज्याच्या सांध्यात तो नाही त्याचे उपचार यांचा विचार वेगळा करता येतो, हे या दृष्टीचे व्यावहारिक फलित होय.

तथापि या साधनाची भलावण करताना त्याच्या मर्यादाही नमूद करणे आवश्यक आहे. ध्वनिलहरी हाडाच्या आरपार जात नाहीत. त्यामुळे शरीराचा भार पेलणारा कूर्चेचा मध्यभाग पूर्णपणे दिसत नाही. चित्राचा दर्जा तपासणाऱ्याच्या कौशल्यावर बराचसा अवलंबून असतो. इ.स. २०१७ मध्ये याच युरोपीय संघटनेने, लक्षणे नेहमीची असतील तर निदानासाठी चित्रतपासणीची गरज नाही आणि आवश्यकता भासल्यास प्रथम साधे क्ष-किरण चित्र घ्यावे, अशी शिफारस केली. म्हणजे प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याची सोनोग्राफी व्हावी असे कोणी म्हणत नाही. गुडघा अचानक सुजला, वेदना व क्ष-किरण चित्र यांचा मेळ बसेना, किंवा सांध्यात इंजेक्शन अचूक ठिकाणी द्यावयाचे असेल, तेव्हा ती उपयोगी पडते. या मर्यादित पण महत्त्वाच्या गरजेपुरताच पुढील प्रश्न आहे.

मुंबईत यंत्र कोणत्या वाटेने आले?

मुंबईच्या सामाजिक इतिहासात १९८० चे दशक गिरणी संपासाठी जसे लक्षात राहते, तसेच ते गर्भलिंगनिदानविरोधी चळवळीसाठीही लक्षात ठेवले पाहिजे. गर्भजल परीक्षा मुळात गर्भातील आनुवंशिक दोष ओळखण्यासाठी होती. शहरातील खासगी दवाखान्यांत मात्र तिचा उपयोग मुलगी आहे का हे पाहण्यासाठी होऊ लागला. आज थोडा खर्च करून पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे होत असत. या प्रकाराविरुद्ध स्त्री संघटना, डॉक्टर, विज्ञान कार्यकर्ते व वकील एकत्र आले आणि १९८० च्या दशकाच्या मध्यास मुंबईत गर्भलिंगनिदान व लिंगनिवड यांच्या विरोधात मंच स्थापन झाला. विभूती पटेल यांच्यासारख्या अभ्यासक कार्यकर्त्या त्यात होत्या. गोरेगावच्या, म्हणजे उपनगरांच्याच, नेत्या मृणाल गोरे यांनीही हा प्रश्न लावून धरला. त्याचे फलित म्हणजे इ.स. १९८८ चा महाराष्ट्राचा कायदा. गर्भलिंगनिदानावर नियंत्रण आणणारा हा देशातील पहिला कायदा होय.

या कायद्याच्या वेळी मुख्य रोख गर्भजल परीक्षेवर होता. परंतु १९९० च्या दशकात सोनोग्राफी स्वस्त व सर्वत्र उपलब्ध झाली. गर्भजल परीक्षेत सुई टोचावी लागे, निकालासाठी थांबावे लागे. सोनोग्राफीत काही मिनिटांत काम भागे. इ.स. १९९४ मध्ये संसदेने देशव्यापी कायदा केला व तो १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला. अंमलबजावणी मात्र ढिली होती. इ.स. २००० मध्ये सेहत, मासूम आणि डॉ. साबू जॉर्ज यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. यांतील सेहत ही संस्था सांताक्रूझ पूर्वेकडील वाकोला येथून, म्हणजे उपनगरातूनच, काम करणारी आहे, तर मासूम पुणे जिल्ह्यातील आहे. देशभर सोनोग्राफी यंत्रांची नोंदणी सक्तीने होऊ लागली ती या याचिकेवरील इ.स. २००१ पासूनच्या आदेशांमुळे. इ.स. २००३ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही त्याच्या कक्षेत आली.

जनगणनेचे आकडे या कठोरतेचे कारण स्पष्ट करतात. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या इ.स. १९९१ मध्ये ९४६ होती. इ.स. २००१ मध्ये ती ९१३ आणि इ.स. २०११ मध्ये ८९४ झाली. अशा स्थितीत शासनाने यंत्रावर नजर ठेवणे अपरिहार्य होते. कोल्हापूरचे तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांच्या काळात सोनोग्राफी यंत्रांना 'सायलेंट ऑब्झर्व्हर' हे तपासणीची नोंद ठेवणारे उपकरण जोडण्यात आले. रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने त्यास आव्हान दिले असता मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये हा उपक्रम वैध ठरविला. इ.स. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेच्या याचिकेवर निर्णय देताना, नोंदी ठेवण्यातील त्रुटी म्हणजे निव्वळ कारकुनी चूक नव्हे, अशी भूमिका घेऊन कायद्याच्या तरतुदी कायम ठेवल्या.

गुडघ्यावर पडलेली सावली

येथे कायद्याच्या रचनेतील एक वैशिष्ट्य समजून घेणे महत्त्वाचे आहे. तपासणी कोणत्या हेतूने केली जाते यापेक्षा यंत्राच्या क्षमतेकडे कायदा पाहतो. ज्या यंत्राने गर्भाचे लिंग कळू शकते ते यंत्र, मग ते कोणत्याही कामासाठी घेतलेले असो, नोंदणीच्या कक्षेत येते. एकाच यंत्राला आज सरळ प्रोब जोडता येतो आणि उद्या वक्राकार. त्यामुळे 'हे यंत्र फक्त गुडघ्यासाठी आहे' या विधानाला कायद्याच्या दृष्टीने फारसा अर्थ उरत नाही. नोंदणी नसलेल्या व्यक्तीस किंवा केंद्रास यंत्र विकण्यासही बंदी आहे.

यापुढील टप्पा इ.स. २०१२ च्या नियमदुरुस्तीचा. हातात नेता येणारी लहान यंत्रे गावोगाव फिरवून लिंगनिदान केले जात असल्याच्या पार्श्वभूमीवर अशा यंत्रांचा वापर दोनच परिस्थितींपुरता मर्यादित करण्यात आला : नोंदणीकृत जागेतच, तेथे दाखल असलेल्या रुग्णांसाठी, किंवा इतर आरोग्यसेवांसह चालणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकाचा भाग म्हणून. त्याच वर्षीच्या दुसऱ्या दुरुस्तीने एका डॉक्टरला एका जिल्ह्यात जास्तीत जास्त दोन केंद्रांत सोनोग्राफी करण्याची मर्यादा घालण्यात आली.

ही बंधने गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी होती, सांध्यांच्या सोनोग्राफीचा विचार त्यांमागे नव्हता. परिणाम मात्र तिच्यावरही झाला. युरोपात १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून संधिवाततज्ज्ञ स्वतः सोनोग्राफी शिकून आपल्या तपासणीच्या टेबलाशेजारी लहान यंत्र ठेवू लागले. रुग्णाची कहाणी ऐकणारा, गुडघा चाचपणारा आणि पडद्यावर पाहणारा डॉक्टर एकच, हे त्या पद्धतीचे बलस्थान होते. आपल्याकडे नेमकी हीच पद्धत रुजविणे अवघड झाले. अंधेरीतील संधिवाततज्ज्ञाला असे यंत्र ठेवायचे असेल तर महापालिकेच्या के-पूर्व किंवा के-पश्चिम विभागातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे नोंदणी, पात्रतेची अट, नोंदवह्या आणि तपासण्या या सर्वांतून जावे लागते. बोरिवलीत आर-मध्य, घाटकोपरात एन आणि मुलुंडमध्ये टी विभाग एवढाच काय तो फरक. गर्भवती स्त्री ज्याच्या दवाखान्याची पायरी क्वचितच चढते, त्या डॉक्टरने हा व्याप टाळून रुग्णाला क्ष-किरण चित्रासाठी किंवा एमआरआयसाठी पाठविणे स्वाभाविक आहे.

नोंदणीकृत प्रत्येक केंद्रात, येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही, अशा आशयाचा फलक इंग्रजीत व स्थानिक भाषेत लावणे नियमाने आवश्यक आहे. सत्तरीची स्त्री गुडघ्याच्या तपासणीसाठी येते तेव्हा तीही याच फलकाखाली बसते. सोनोग्राफीचा आपल्याकडील संपूर्ण सामाजिक इतिहास त्या एका फलकात सामावलेला आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

उपनगरांचा गुडघा

इ.स. १९५० मध्ये अंधेरी-जोगेश्वरी व भांडुपपर्यंतचा आणि इ.स. १९५७ मध्ये दहिसर व मुलुंडपर्यंतचा प्रदेश बृहन्मुंबईत समाविष्ट झाला. त्यानंतर घाटकोपरचे पंतनगर, विक्रोळीचे कन्नमवार नगर यांसारख्या गृहनिर्माण मंडळाच्या वसाहती वाढल्या. या काळातील कित्येक इमारती तीन-चार मजली व लिफ्ट नसलेल्या होत्या. तेथील जीवनक्रमात जिन्याची चढउतार, स्थानकावरील पादचारी पूल, जमिनीवर बसून स्वयंपाकाची तयारी, उकिडवे बसून धुणेभांडी आणि भारतीय पद्धतीचे शौचालय यांचा भार दररोज गुडघ्यावर पडत आला. उकिडवे बसणे, वजन वाढणे, वय आणि स्त्रीत्व हे अस्थिसंधिवाताशी निगडित असलेले घटक वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदले गेले आहेत.

हा केवळ शहरी सुखवस्तूंचा आजार आहे असेही नव्हे. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी इ.स. १९९६ मध्ये पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या 'कॉपकॉर्ड' कार्यक्रमांतर्गत सांधेदुखीची पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढ तिच्यात समाविष्ट होते. हाडे-सांधे-स्नायूंचे दुखणे ग्रामीण समाजात किती व्यापक आहे हे तिने दाखवून दिले. इ.स. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, पुण्यासह देशातील पाच ठिकाणी केलेल्या अभ्यासात गुडघ्याच्या अस्थिसंधिवाताचे प्रमाण २८.७ टक्के आढळले.

सार्वजनिक चर्चेत मात्र गुडघा आला तो शस्त्रक्रियेच्या रूपाने. इ.स. २००० च्या ऑक्टोबरमध्ये व पुन्हा इ.स. २००१ च्या जूनमध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात सांधेरोपणाची शस्त्रक्रिया झाली आणि 'गुडघा बदलणे' हा शब्दप्रयोग घरोघरी पोहोचला. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्र शासनाने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर मर्यादा आणली व सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या प्रकाराची किंमत कर वगळून ५४,७२० रुपये ठरविली. हा निर्णय स्वागतार्ह होता. तथापि त्यातून शासनाचे व समाजाचे लक्ष कोठे आहे हेही दिसते. एका टोकाला क्ष-किरण चित्र व वेदनाशामक गोळी, दुसऱ्या टोकाला शस्त्रक्रिया; या दोहोंमधील दीर्घ कालखंडात गुडघ्याचे वेळोवेळी परीक्षण करणारी, स्वस्त व किरणोत्सर्गरहित अशी मधली पायरी आपल्याकडे दुर्लक्षितच राहिली.

येथे एक पिढीगत संबंध लक्षात घेण्यासारखा आहे. इ.स. १९८५ मध्ये पंचविशी-तिशीत असलेली स्त्री आज पासष्ट ते सत्तर वर्षांची आहे. तरुणपणी जिच्या उदराकडे कुटुंबाने व बाजाराने मुलगाच हवा या हट्टापायी पाहिले, तीच पिढी आज दुखऱ्या गुडघ्याने जिना उतरते आहे. यंत्राचा गैरवापर तिच्याविरुद्ध झाला आणि त्या गैरवापराला आवर घालणाऱ्या नियमांची अडचणही तिच्याच वाट्याला आली. दोष कायद्याचा आहे असे यावरून म्हणता येणार नाही. मुलगी नको ही वृत्ती नसती तर सोनोग्राफी यंत्राला क्ष-किरण यंत्राहून वेगळी सामाजिक वागणूक मिळण्याचे कारण नव्हते. भेदभावाची किंमत जन्म न घेतलेल्या मुलींपुरती मर्यादित राहत नाही. ती जिवंत असलेल्या आईलाही, अगदी वेगळ्या अवयवाच्या रूपाने, मोजावी लागते.

निष्कर्ष

१. गर्भाशयाची व सांध्याची सोनोग्राफी यांचा वैज्ञानिक आरंभ एकाच काळात झाला. परंतु सामाजिक मागणीमुळे पहिलीचा प्रसार झपाट्याने झाला व दुसरी मागे पडली. अभ्यासाच्या गृहीतकास यामुळे पुष्टी मिळते.

२. गुडघ्याच्या अस्थिसंधिवातात सोनोग्राफी ही क्ष-किरण चित्राला पर्याय नसून पूरक आहे. दाह, साचलेला द्रव व मृदू ऊती पाहणे आणि इंजेक्शनला दिशा देणे यांत तिचे विशेष महत्त्व आहे.

३. इ.स. १९८८ ते २०१२ या काळातील कायदे व नियम महाराष्ट्रातील वास्तव गैरवापरातून आले. त्यांचा उद्देश योग्य असला, तरी नियंत्रण यंत्राच्या क्षमतेवर आधारलेले असल्यामुळे संधिवाततज्ज्ञाच्या टेबलाशेजारची सोनोग्राफी आपल्याकडे रुजू शकली नाही.

४. कायदा शिथिल न करताही मार्ग काढता येण्यासारखा आहे. घाटकोपरचे राजावाडी, जुहूचे कूपर यांसारख्या महापालिका रुग्णालयांत नोंदणीकृत सोनोग्राफी कक्षातच अस्थिरोग व रेडिओलॉजी विभागांनी मिळून आठवड्यातील काही तास सांध्यांच्या तपासणीसाठी राखून ठेवल्यास कोणत्याही नियमाचा भंग होत नाही. फिरत्या वैद्यकीय पथकांची तरतूद नियमांतच आहे; लिफ्ट नसलेल्या वसाहतींपर्यंत पोहोचण्यासाठी तिचा विचार व्हावा.

समारोप

कायद्यांचे मूल्यमापन करताना इतिहासकाराने दोन टोके टाळावयास हवीत. कायद्याने गैरसोय होते म्हणून तो ज्या अन्यायातून जन्मला तो विसरणे हे एक टोक. आणि कायद्याचा हेतू उदात्त आहे म्हणून त्याच्या छायेत कोण अडकले याची दखलच न घेणे हे दुसरे. गर्भलिंगनिदानविरोधी चळवळ महाराष्ट्रात, त्यातही मुंबईत, उभी राहिली याचा अभिमान बाळगत असतानाच, तिने ज्या स्त्रियांच्या सन्मानासाठी लढा दिला त्यांच्या वार्धक्याचाही विचार करणे हे त्या लढ्याचेच पुढचे पाऊल ठरेल. मुलीला जन्म घेता यावा यासाठी यंत्रावर पहारा बसविला, ते आवश्यकच होते. त्या पहाऱ्याआडून तिच्या आजीच्या गुडघ्यापर्यंत यंत्र कसे पोहोचेल, याचे उत्तर वैद्यक, विधी व समाजविज्ञान या शाखांच्या अभ्यासकांनी एकत्रितपणे शोधावयास हवे.